घरी भरलेली काडतुसं

"तुम्ही कुठे असता हो नोकरीला?" असं इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं की मी पाच वर्षं एकच उत्तर देत आले: "स्पोर्टिंग गुड्सच्या दुकानात." समोरच्या बाईच्या डोळ्यांपुढे बॅडमिंटनच्या रॅकेटी येत असणार. येऊ देत! दुकानाच्या पाटीवर खरोखरच तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे मी थापा मारत होते असं कुणी म्हणू शकणार नाही. फक्त आमच्याकडे रॅकेट एकही नव्हती. पुढच्या भागात बंदुका, मागे निशाणेबाजीची रेंज आणि मध्ये एक लांबलचक काउंटर. त्या काउंटरमागे मी. घरच्या घरी काडतुसं भरायचं सामान विकायचं आणि ती कशी भरायची ते लोकांना शिकवायचं, हे माझं काम. चिपळूणची बाई, पुण्यात शाळेच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते, आणि टेक्सासात येऊन हे! आता मंडळाच्या या अंकाच्या निमित्तानं काय ते एकदाचं सांगून टाकते.

झालं असं की २००१ मध्ये टेलिकॉमचा फुगा फुटला आणि आमच्या ह्यांची नोकरी गेली. प्लेनोत, आमच्या या गावात, तेव्हा घराआड एक माणूस घरी बसलेला. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून मी बाहेर पडले. हायवेलगतच्या या दुकानाच्या काचेवर 'हिशेब लिहायला माणूस पाहिजे' अशी चिठ्ठी दिसली, म्हणून आत शिरले. बघते तर भिंतभर बंदुका! परत फिरणार तेवढ्यात मालक पुढे आला. हॉलिस त्याचं नाव. साठीचा, ताडमाड उंच, बोलायला महाकंजूष. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "बंदुकांची भीती वाटते?" मी म्हटलं, "हो, वाटते." "गुड," तो म्हणाला, "सोमवारपासून या."

हिशेब राहिले बाजूला. महिनाभरात त्यानं मला तराजूशी बसलेलं पाहिलं आणि थेट त्या मधल्या काउंटरवर नेऊन उभं केलं. शाळेत पोरांना रसायनं मोजून देण्यात माझी अर्धी उमर गेली होती. हात थरथरत नव्हता, आणि काम चालू असताना मी बोलत नसे. एरवी किती बोलते ते तुम्हाला माहीतच आहे.

काडतूस म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक पितळी नळी असते. तिच्या बुडाशी बटणाएवढी टिकली, तिला प्रायमर म्हणतात. रिव्हॉल्व्हरचा घोडा त्या टिकलीवर पडला की ठिणगी उडते. नळीत पावडर, म्हणजे दारू, ती पेटते. आणि नळीच्या तोंडाशी दाबून बसवलेली शिशाची गोळी त्या जोरानं पुढे जाते. बार उडाला की नळी तशीच शिल्लक राहते. ती पुसायची, पुन्हा मापात आणायची, नवी टिकली बसवायची, पावडर तोलून घालायची आणि वर नवी गोळी दाबायची. हे सगळं एका दांड्याच्या यंत्रावर होतं. त्याला प्रेस म्हणतात. आपल्या सोऱ्याचाच थोरला भाऊ समजा.

मग लोक दुकानातली तयार काडतुसं का घेत नाहीत? घेतात की. पण मोठ्या तोंडाचं रिव्हॉल्व्हर असेल, फॉर्टी-फोर मॅग्नमसारखं, तर तयार काडतुसं महाग पडतात आणि दणका असा देतात की मनगट दुसऱ्या दिवशी पोळी लाटू देत नाही. घरी भरली की आपल्या हाताला सोसेल एवढीच भरता येतात. आमच्याकडे मिस ऑडी नावाच्या आजी यायच्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या, बोटं संधिवातानं वाकडी. त्यांच्याकडे हे भलंमोठं फॉर्टी-फोर! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, आजींना कुणीतरी फसवलंय. कसलं काय! आजींचं गणित पक्कं होतं. रिव्हॉल्व्हर जितकं जड तितका दणका ते स्वतःच गिळतं, आणि पावडर अगदी बेताची भरली की हाताला नुसता धक्का लागतो. त्या दर मंगळवारी यायच्या, बार उडवायच्या आणि जाताना माझ्यासाठी लोकरीचं काहीतरी ठेवून जायच्या. टेक्सासच्या उन्हात मी त्या मफलरींचं काय करणार, सांगा! पण सगळ्या जपून ठेवल्यात.

याच्या उलट जात म्हणजे "अजून थोडी घातली तर?" वाले. पुस्तकात पावडरची मर्यादा छापलेली असते, तिच्या पलीकडे जायचं नसतं. पण काही पुरुषांना मर्यादा दिसली की खाज सुटते. त्यांना मी सांगायची, करंजीत सारण जास्त कोंबलं की काय होतं ठाऊक आहे? त्यांना करंजी ठाऊक नसायची. मग एका दिवाळीत मी डबा भरून नेला आणि एक फुटकी करंजी मुद्दाम काउंटरवर ठेवली. हॉलिस म्हणाला, त्याच्या सगळ्या सेफ्टी लेक्चरांपेक्षा हे बरं आहे. मग त्यानं ती फुटकी खाल्ली आणि डबा आपल्या ऑफिसात नेला. तो डबा परत मिळाला तेव्हा रिकामा होता.

बंदुकांचं कौतुक करायला बसलेय असं मात्र कुणी समजू नका. या देशात या वस्तूनं काय काय होतं ते आपण रोज वाचतो, आणि मला ते कधीच विसरता आलं नाही. एकदा एक तरणा मुलगा आला. कागद सगळे बरोबर, बोलणंही व्यवस्थित, पण त्याचे डोळे मला बघवेनात. मी हॉलिसला नुसती मान हलवली. त्यानं एक शब्द न विचारता त्या मुलाला "आज नाही" म्हणून परत पाठवलं. तो पुढे कुठे गेला, दुसऱ्या कुणी त्याला काही विकलं का, मला कधीच कळलं नाही. अजूनही मनात येतं ते.

पण मला सांगायचंय ते प्रतापबद्दल.

प्रताप कराडचा. पस्तिशीचा, सॉफ्टवेअरमध्ये, बायको मंजिरी आणि एक मुलगी, घर आमच्यापासून दोन सिग्नल पुढे. एका शनिवारी तो दुकानात आला, मला काउंटरमागे पाहिलं आणि दचकून म्हणाला, "काकू, तुम्ही? इथे?" मी म्हटलं, "तू इथे असल्याचं मी मंजिरीला सांगत नाही, मी इथे असल्याचं तू मंडळात सांगू नकोस." त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यानं फॉर्टी-फोर घेतलं होतं खरं, पण बार उडवण्यात त्याला फारसा रस नव्हता. त्याचा जीव काडतुसं भरण्यात. गॅरेजात त्यानं प्रेस बसवली, बाक केला, दिवा लावला. प्रत्येक नळी पुसून चकचकीत करायचा, पावडर दोनदा तोलायचा, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक नळीत टॉर्च मारून आतली पातळी बघायचा. भरलेली काडतुसं मला दाखवायला आणायचा तेव्हा चेहरा असा, की जणू पहिल्यांदा जमलेले मोदक आणलेत. मी एकदा विचारलं, "एवढं कशासाठी रे?" तेव्हा तो म्हणाला, "काकू, दिवसभर मी जे करतो ना, ते हातात धरून कुणाला दाखवता येत नाही. माझे तात्या फोरमन होते. सरकारी बस डेपोच्या वर्कशॉपात जन्म काढला. त्यांच्या मते मी काहीच काम करत नाही. लहानपणापासून एकच ऐकतोय, तुझा हात ढिला. यंदा ते येणारेत. त्यांना एकदा दाखवायचंय, की हे मी केलंय, माझ्या हातानं."

पस्तिशीचा बाप्या, घरदार, गाडी, सगळं झालेलं, आणि डोळ्यांत हे! मी म्हटलं, "आण त्यांना. इथे रेंजवर आण. बघूच."

तात्या आले ते २००६ च्या सप्टेंबरात. पांढरं धोतर, वर प्रतापचं जॅकेट, कानात मशीन, आवाज वर्कशॉपातल्यासारखा खणखणीत. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्याला इथे बंदूक हातात धरायची तर शिकारीचं लायसन्स लागतं. ते आम्ही काउंटरवर रीतसर काढून दिलं. ज्या माणसानं जन्मात उंदीर मारला नव्हता त्याच्या खिशात टेक्सासचं हंटिंग लायसन्स! तात्यांना ते एवढं आवडलं की त्यांनी ते मंडळाच्या नवरात्रात सगळ्यांना दाखवलं. माझं गुपित तिथेच फुटलं, कारण "या बाईंनी काढून दिलं" हे ते प्रत्येकाला बोट दाखवून सांगत होते.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी दोघं रेंजवर आले. प्रतापनं पन्नास काडतुसांचा डबा आणला होता. नवा कोरा, खास तात्यांसाठी भरलेला. मी नेमकी त्या दुपारी रेंजवर देखरेखीला होते. तात्यांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि वर आमचे पिवळे कर्णरक्षक चढवले. म्हणजे आता देवानं हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. प्रतापनं रिव्हॉल्व्हर कसं धरायचं ते दाखवलं, सहा काडतुसं भरून दिली आणि मागे उभा राहिला. हाताची घडी घट्ट.

पहिला बार. तात्यांचे हात वर उडाले, पण माणूस हलला नाही. फोरमन तो फोरमन! वळून ते प्रतापकडे बघून हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. दुसरा बारही तसाच. तिसऱ्याला नुसतं 'फट्' झालं. टिकली तेवढी वाजली, दणका नाही, हातही हलला नाही.

याचा अर्थ सांगते. टिकली उडाली, पण पावडर पेटली नाही. टिकलीच्या तेवढ्याशा जोरानं गोळी नळीतून निघून रिव्हॉल्व्हरच्या नळकांड्यात जाऊन अडकली. बाहेरून काही दिसत नाही. आणि आता मागून पुढचा बार उडवला, तर पुढे वाट बंद. रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. बोटं जातात, डोळे जातात. या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे ही, आणि ती दिसते किती साधी! नवख्या माणसाला वाटतं, एक फुसका निघाला, पुढचा ओढू.

तात्यांना तेच वाटलं. त्यांनी अंगठ्यानं घोडा मागे ओढला. मी ओरडले, "तात्या, थांबा!" प्रताप ओरडला. ऐकतंय कोण! मी त्यांच्या डाव्या अंगाला होते. विचारबिचार काही केला नाही, एका हातानं त्यांचं मनगट समोर निशाणाकडेच दाबून धरलं आणि दुसरा हात घोड्याच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या मध्ये घातला. तेवढ्यात त्यांनी चाप ओढलाच. घोडा माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात बसला. आई गं! पुढचे पंधरा दिवस ते बेचकं आधी जांभळं, मग पिवळं होतं. पण बार उडाला नाही.

तात्या माझ्यावरच खवळले. "बाई, हे काय चालवलंय तुम्ही!" हॉलिस धावत आला. त्यानं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, पुढच्या तोंडातून एक पितळी सळई आत सोडली आणि तात्यांसमोर धरली. सळई अर्ध्यावर जाऊन थांबली. इंग्रजीची गरजच पडली नाही. वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस, त्यांना ते एका नजरेत कळलं. चेहरा पांढराफटक पडला. आणि मग घाबरलेला बाप जे करतो तेच त्यांनी केलं. पोरावर उखडले. "हे तू भरलंस? ह्यालाच काम म्हणतोस? आरं, आत्ता माझे डोळे गेले असते! हात ढिला तुझा. पहिल्यापासनं ढिला!"

रेंजवरच्या टेक्सन मंडळींना मराठी येत नव्हतं, तरी सगळे खाली बघायला लागले. जाताना प्रताप मला एवढंच म्हणाला, "काकू, विकून टाका हे. प्रेस पण घेऊन येतो. मला नकोय आता काही."

मला त्या रात्री झोप आली नाही, बेचकं ठणकत होतं म्हणून नव्हे. त्या मुलाचं काम मला माहीत होतं. जो माणूस पावडर दोनदा तोलतो आणि वर टॉर्च मारून बघतो, त्याच्या हातून असं काडतूस निघतंच कसं? माझं डोकं चालेना.

पुढच्या शनिवारी तो खरंच सगळं सामान गाडीत घालून आला. तात्याही बरोबर. एसी लागतो म्हणून त्यांना मी माझ्या काउंटरपाशी खुर्ची दिली, वर मिस ऑडींची एक मफलर दिली. प्रताप प्रेस आणायला गाडीकडे गेला. मी त्या डब्यातली उरलेली काडतुसं मोडायला घेतली, कारण तशी ती कुणाला देता येत नाहीत. त्यासाठी एक हातोडी असते. काडतूस तिच्या पोटात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, गोळी सुटून पडते, मागोमाग पावडर. पहिली दोन व्यवस्थित मोडली. पावडर कोरडी, मापात. तिसऱ्याची गोळी सुटली, पण पावडर पडेना. नळी पालथी केली, ठोकली. आत गोळा होऊन चिकटून बसली होती, पावसाळ्यात साखर बसते तशी. सुईनं खरवडली आणि सवयीनं नाकाशी नेली.

अहो, खोबरं! खवट खोबऱ्याचा वास!

मी कोकणातली. नाक कशालाही चुकेल, नारळाला चुकायचं नाही. मी दोन-तीनदा वास घेतला. मग हळूच विचारलं, "तात्या, दसऱ्याला पूजा कुठे केलीत यंदा?"

तात्यांनी मशीनवर हात ठेवून ऐकलं आणि एकदम खुलले. "गॅरेजात की! प्रतापचं यंत्र, ते रिव्हॉल्व्हर, सगळ्याची केली. हा आत आंघोळीला गेला होता, म्हटलं तोवर आपण उरकू. डेपोत दर खंडेनवमीला आम्ही लेथ मशीनपासून पान्ह्यापर्यंत सगळं पूजायचो. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं सगळ्या बाकावर. पोराच्या यंत्राला यश येऊ दे म्हटलं."

"बाकावर तेव्हा नळ्या उभ्या होत्या का हो, पितळी? तोंडं उघडी?"

"व्हत्या की. लाकडाच्या ठोकळ्यात ओळीनं मांडलेल्या. छान दिसत व्हत्या. त्यांच्यावर पण शिंपडलं."

झालं. सगळा उलगडा झाला. प्रतापनं पावडर तोलली, टॉर्च मारून प्रत्येक नळी तपासली, आणि (हे त्यानं मागाहून सांगितलं) मंजिरीनं हाक मारली म्हणून गोळ्या बसवायच्या राहिल्या. तो आंघोळीला गेला. परत येऊन त्यानं यंत्रावरचं हळदकुंकू पाहिलं, मनातून सुखावला असणार, आणि आधीच तपासलेल्या नळ्यांवर गोळ्या दाबून मोकळा झाला. चारदोन नळ्यांत नारळाचं पाणी गेलेलं, गोळी बसल्यावर ते आतच कोंडलं. अमेरिकेत एवढी माणसं काडतुसं भरतात, पण कुठल्या पुस्तकात 'नारळापासून दूर ठेवा' असं छापलेलं नाही.

सांगावं की नाही, असं माझ्या मनात क्षणभर आलं. ऐंशीला टेकलेला माणूस, महिन्याभरात परत जाणार, पुन्हा येईल न येईल. आणि त्यानं केलं काय, तर पोराच्या कामाला आशीर्वाद दिला. पण मग त्या पोराचं काय? तो जन्मभर हेच धरून बसेल की आपल्या ढिल्या हातानं बापाचे डोळे जाणार होते. मला ते सोसेना. मी ती नळी तात्यांपुढे धरली आणि म्हटलं, "तात्या, वास घ्या."

त्यांनी घेतला. नळीकडे पाहिलं, आतल्या गोळ्याकडे पाहिलं. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डेपोत माझ्या चालू कामावर कुणी असा हात घातला असता, तर मी कानाखाली जाळ काढला असता."

तेवढ्यात प्रताप प्रेस उचलून घेऊन आत आला. घामाघूम. त्यानं ती काउंटरवर ठेवली. मी नळी त्याच्या नाकाशी नेली. त्यानं वास घेतला, गोंधळला, पुन्हा घेतला, आणि मग त्यानं बापाकडे पाहिलं. तात्या भिंतीवरचं हरणाचं मुंडकं अगदी बारकाईनं बघत होते. माफी मागायची सवयच नव्हती हो त्या माणसाला. आमच्या वडिलांनाही नव्हती. त्या पिढीत ती कुणी शिकवलीच नाही.

शेवटी ते म्हणाले, "यंत्र लाव ते."

"तात्या, विकायला आणलंय."

"लाव म्हणतो ना. हितं. माझ्यासमोर. सहा भर."

ग्राहकांना शिकवायचा आमचा बाक रिकामाच होता. प्रतापनं प्रेस लावली. मी नव्या टिकल्या, पावडर, तराजू पुढे केलं आणि बाजूला झाले. तो काम करायला लागला. हात नेहमीसारखे चालायला लागले. नळी, टिकली, पावडर, तराजू, पुन्हा तराजू, टॉर्च. तात्या खुर्ची ओढून जवळ बसले, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर घट्ट दाबून. बाकाला त्यांनी बोटही लावलं नाही. पण नजर! प्रत्येक हालचालीवर. मी वाट बघत होते, आता काहीतरी खुसपट काढतील. काढलं नाही. 'छान' असंही म्हणाले नाहीत, खोटं कशाला सांगू.

सहा झाली. तात्यांनी ती उचलली, तळहातावर घेतली आणि म्हणाले, "आता हीच उडवणार. मी."

हॉलिस इतका वेळ लांबून बघत होता, तो पुढे आला. अडकलेली गोळी त्यानं आदल्या आठवड्यातच काढून रिव्हॉल्व्हर तपासून ठेवलं होतं, ते ठीक होतं. पण तो रेंजच्या दारात आडवा उभा राहिला. "मिस शायला," तो मला म्हणाला, "यांना सांगा, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस मी आजवर कधी उडवलेलं नाही. कुणीच उडवू नये. त्यातून गेल्या शनिवारी जे झालं, त्यानंतर तर नाहीच. घाबरले तर त्यात लाज नाही."

मी तात्यांना शब्द न् शब्द मराठीत सांगितलं. तात्यांनी पिवळे कर्णरक्षक हातात घेतले, हॉलिसकडे मान वर करून बघितलं, आणि त्याला मराठीतच उत्तर दिलं.

"दुसऱ्याचं कुठं हाय? माझ्या पोराचं हाय."

हॉलिसनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला त्याचं इंग्रजी करून दिलं. तो दारातून बाजूला झाला.

सहाच्या सहा बार उडाले. प्रत्येकाला मी डोळे मिटत होते आणि उघडत होते. सहावा झाल्यावर तात्यांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, मनगट चोळलं, आणि मागे वळून रेंजच्या काचेतून बाकाशी बसलेल्या प्रतापला हातानं खूण केली, की अजून भर.

प्रताप बाकाशी बसला होता, नळी हातात घेऊन, आणि त्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं. मी त्याच्या हातातून नळी काढून घेतली. म्हटलं, "अरे वेड्या, पुन्हा ओली करशील!" आणि मागच्या खोलीत चहा टाकायला निघून गेले, कारण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.